पेप्टाइड मायक्रोअरे की प्रोटीन मायक्रोअरे? कायनेजचे सब्स्ट्रेट शोधताना होणारा घोळ

दोन्हीकडे काचेची स्लाइड, त्यावर बारीक ठिपक्यांची जाळी, वरून ओतलेलं कायनेज आणि किरणोत्सारी एटीपी (फॉस्फेट पुरवणारा रेणू). धुऊन-बिऊन झाल्यावर, फॉस्फेट जिथे बसला तिथे दिसणारे काळे डागही सारखेच. त्यामुळे सेमिनारमध्ये ‘या कायनेजचे इतके सब्स्ट्रेट सापडले’ (सब्स्ट्रेट म्हणजे ते ज्यांच्यावर फॉस्फेट चढवतं ती प्रथिनं) असं कोणी सांगितलं, की ते कुठल्या स्लाइडवर सापडले हे विचारायचं राहूनच जातं. खरं तर सगळा अर्थ त्यावरच ठरतो.

कायनेज हे विकर (एन्झाइम) एटीपीचा टोकाचा फॉस्फेट काढून प्रथिनातल्या सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीनवर चढवतं. माणसाच्या जीनोममध्ये अशी 518 कायनेज असल्याची यादी 2002 साली प्रसिद्ध झाली. त्यांतलं कोण कोणावर फॉस्फेट चढवतं, हे शोधायला या दोन्ही स्लाइड वापरतात.

पेप्टाइड स्लाइडवरचा एकेक ठिपका म्हणजे साधारण दहा-पंधरा अमिनो आम्लांचा तुकडा, रासायनिक पद्धतीने जोडलेला. त्यातलं प्रत्येक अक्षर, म्हणजे अमिनो आम्ल, आपण ठरवलेलं असतं आणि खरी गंमत तिथेच आहे. पीकेए या कायनेजचं केम्पटाइड घ्या: ल्युसीन, आर्जिनीन, आर्जिनीन, अ‍ॅलानीन, सेरीन, ल्युसीन, ग्लायसीन. यकृतातल्या पायरुव्हेट कायनेज या प्रथिनातल्या, पीकेए फॉस्फेट चढवतं त्या जागेवरून बेतलेला हा सात अमिनो आम्लांचा तुकडा. शेजारच्या ठिपक्यात सेरीनच्या जागी अ‍ॅलानीन घातलं की डाग गायब. म्हणजे फॉस्फेट नेमका कुठे बसतो ते कळलं. आर्जिनीन बदललं तर डाग एकदम फिका पडतो. म्हणजे पीकेए सेरीनच्या अलीकडे काय शोधतं तेही कळलं. जीएसके-3 हे कायनेज तर आणखी चोखंदळ. चार जागा पुढच्या सेरीनवर आधीच फॉस्फेट असेल, तर त्याचं काम जोरात चालतं. पेप्टाइड बनवतानाच तिथे फॉस्फोसेरीन घालता येतं. जिवाणूत बनवलेल्या अख्ख्या प्रथिनावर मात्र तो फॉस्फेट सहसा नसतोच.

पण एवढ्याशा तुकड्यात पकडायला जागा नसते. मॅप कायनेज आपल्या सब्स्ट्रेटला बऱ्याचदा फॉस्फेटच्या जागेपासून लांब कुठेतरी धरतात. सीडीके-2 या कायनेजसोबतचं सायक्लिन हे प्रथिनही सब्स्ट्रेटवरचा वेगळाच भाग पकडतं. तो भाग तुकड्यात आलाच नाही, तर अस्सल सब्स्ट्रेटही फिका दिसतो. याच्या उलटही होतं. घडी घातलेल्या प्रथिनाच्या पोटात दडलेलं, कायनेजच्या हाती एरवी न लागणारं सेरीन पेप्टाइडवर उघडं पडतं आणि छान काळं दिसतं.

प्रोटीन स्लाइडवर अख्खी प्रथिनं चिकटवलेली असतात. घडी टिकली असेल तर पकडण्याच्या जागाही शाबूत. 2005 साली यीस्टच्या बहुतेक कायनेजवर असा प्रयोग प्रसिद्ध झाला: 1,325 प्रथिनं आणि 4,000 हून अधिक फॉस्फोरिलेशन. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण प्रथिनात पन्नास सेरीन असतील, तर फॉस्फेट कुठल्या सेरीनवर बसला हे डाग सांगत नाही. शिवाय स्लाइडवरच्या प्रथिनांत कायनेजही असतात आणि ती स्वतःवरच फॉस्फेट चढवून घेतात. म्हणून कायनेज न घालता, नुसतं एटीपी ओतलेली एक स्लाइड हवीच. ती नसलेला निकाल मी तरी बाजूला ठेवतो. दोन्ही पद्धतींना लागू असलेली आणखी एक काळजी: पेशीतून शुद्ध केलेल्या कायनेजबरोबर दुसरं एखादं कायनेज चिकटून येऊ शकतं. त्यासाठी निष्क्रिय केलेलं उत्परिवर्तित कायनेज त्याच पद्धतीने शुद्ध करून शेजारी चालवावं.

पेशीत कायनेज आणि त्याचं सब्स्ट्रेट एका वेळी एका ठिकाणी असतात का, याचा पत्ता कुठल्याच स्लाइडला नसतो. तरी दीर्घकाळ उपयोगी पडणारी माहिती मला पेप्टाइडचीच वाटते, कारण त्यातून कायनेजची आवड अक्षराअक्षराने मिळते आणि ती स्लाइडवर नसलेल्या प्रथिनांनाही लावून बघता येते. 2023 साली 303 सेरीन-थ्रिओनीन कायनेजची अशी आवड पेप्टाइडच्या संग्रहांवरून काढली गेली (तिथे अभिक्रिया द्रावणात केली होती, एवढाच फरक). मास स्पेक्ट्रोमेट्रीत (रेणूंच्या तुकड्यांचं वस्तुमान मोजण्याच्या तंत्रात) सापडलेल्या फॉस्फेटच्या जागांमागे कोणतं कायनेज असावं, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

लॅबला दोन्ही परवडत असेल, तर प्रोटीन स्लाइडने नावं काढावीत, मग त्यांतल्या मोजक्या प्रथिनांचे एकमेकांवर थोडे चढणारे पेप्टाइड तुकडे पाडून तेच कायनेज पुन्हा चालवावं. सेल्युलोजच्या कागदावर हे तुकडे जागच्या जागी बनवण्याची ‘स्पॉट’ पद्धत 1992 पासून आहे. जो तुकडा काळा पडेल, त्यातलं सेरीन अख्ख्या प्रथिनात बदलून बघायचं आणि मगच पेशींकडे वळायचं.