सिंहली राजांचा वारसाक्रम

श्रीलंकेत आधी अनुराधपूर आणि नंतर पोलोन्नरुवा इथून राज्य करणाऱ्या सिंहली राजांमध्ये गादी कोणाकडे जायची त्याची रीत. काळ साधारण इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून इ.स. तेराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, त्याआधीचं बरंचसं आख्यायिकेत जमा. थोडक्यात सांगायचं तर आधी भाऊ मग मुलगा, म्हणजे राजा गेला की त्याच्या पाठचा भाऊ, तो गेला की त्याच्या पाठचा, आणि भाऊ संपले की पुढच्या पिढीत थोरल्या भावाचा थोरला मुलगा. बापानंतर थोरला मुलगा हे आपल्या डोक्यात इतकं फिट बसलेलं असतं की महावंस ही लंकेची पाली बखर पहिल्यांदा वाचताना राजांची यादी कोणीतरी विस्कटून ठेवलीय असं वाटतं. हा क्रम नियम म्हणून नीट मांडला तो जर्मन पंडित विल्हेल्म गायगर यांनी, पाली बखरींमधली नाती एकाखाली एक लावून. साधनं मुख्यतः तीनच: दीपवंस (साधारण चौथं शतक), महावंस (पाचवं-सहावं शतक) आणि त्याचा पुढे वाढवत नेलेला भाग, ज्याला चूळवंस म्हणतात. शिवाय शिलालेख. बखरी भिक्खूंनी लिहिलेल्या, त्यामुळे विहाराला दान देणारा राजा चांगला आणि न देणारा वाईट हे गृहीत धरूनच वाचायचं.

सुरुवात विजयापासून, आख्यायिकेतला लंकेचा हा पहिला सिंहली राजा. बुद्धाच्या परिनिर्वाणाच्याच दिवशी तो लंकेत उतरला असं महावंस सांगतो. तो लाळ देशातला, आणि हा लाळ म्हणजे गुजरातकडचा लाट की बंगालमधला राढ यावर शंभरएक वर्षं वाद चालू आहे. बंगालच्या बाजूने बोलणारे त्याच्या आजीकडे बोट दाखवतात, ती वंगच्या राजाची मुलगी होती. पश्चिमेच्या बाजूने बोलणारे सांगतात की त्याचं जहाज आधी सुप्पारकला लागलं, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याला, तिथे त्याच्या साथीदारांनी दांडगाई केली म्हणून मुक्काम हलवावा लागला. आरंभीच्या सिंहली लेखांची भाषा बघता पश्चिमेचं पारडं थोडं जड वाटतं, पण दोन्हीकडून वेगवेगळ्या वेळी लोक आले असावेत हेच जास्त संभवतं. वारशाच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की विजयाला अभिषिक्त राणीपासून मूल नव्हतं, म्हणून त्याने आपल्या मूळ गावी सिंहपूरला भावाकडे, सुमित्ताकडे, निरोप धाडला. सुमित्त तोवर तिकडे राजा झालेला, त्याने धाकटा मुलगा पांडुवासुदेव पाठवला. लंकेतल्या यक्षिणीपासून, कुवेणीपासून, झालेली विजयाची दोन मुलं हिशोबातच नाहीत.

आता कालगणना, कारण इथेच सगळी गाठ आहे. पुढच्या राजांपैकी मुटसिवाने ६० वर्षं राज्य केलं, त्यानंतर त्याचा दुसरा मुलगा देवानंपिय तिस्स ४० वर्षं, मग भाऊ उत्तिय, महासिव, सूरतिस्स प्रत्येकी १० वर्षं, मधे सेन आणि गुत्तिक या घोडेवाल्याच्या दोन पोरांनी २२ वर्षं गादी बळकावली (दीपवंस १२ म्हणतो), आणि मग आला असेल. हे नाव आहे, 'असेल कदाचित' मधलं असेल नव्हे, पण इथे ते शोभतं खरं. कारण हा असेलही मुटसिवाचाच मुलगा. बेरीज करा, बाप गेल्यावर ९२ वर्षांनी मुलगा गादीवर. बाप गेला त्याच वर्षी जन्मला असं धरलं तरी अभिषेकाला ९२ वर्षांचा आणि १० वर्षांनी चोळ देशातून आलेल्या एळाराशी लढताना १०२ वर्षांचा. यातून निघायला काहीजण 'मुलगा' म्हणजे वंशज असं घेतात, काहीजण आकडे कापतात. दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण विजयाचं येणं बुद्धाच्या निर्वाणाला चिकटवायचं म्हटल्यावर मधली शतकं भरायला मोजके राजे ताणावेच लागले असणार. पारंपरिक गणनेत निर्वाण इ.स.पू. ५४३ आणि देवानंपिय तिस्साचा राज्यारंभ इ.स.पू. ३०७ पडतो, पण अशोकाशी मेळ घातला तर तो इ.स.पू. २५०च्या आसपास यायला हवा. म्हणजे पन्नास-साठ वर्षांची तफावत, आणि म्हणूनच गायगर वगैरे निर्वाण इ.स.पू. ४८३ धरून हिशोब करायचे. श्रीलंकेतले पुरातत्त्वज्ञ सेनरत परणविताना यांना हा दुसरा शक लंकेत खरंच वापरात होता हे मान्य नव्हतं. असो, आकडे डळमळीत असले तरी एका पिढीतले भाऊ ओळीने गादीवर आले हा सांगाडा टिकतो.

रीत खरंच पाळली जायची याचा सगळ्यात चांगला पुरावा ती मोडायच्या प्रयत्नात सापडतो. देवानंपिय तिस्साचा भाऊ महानाग उपराजा होता, म्हणजे पुढचा नंबर त्याचा. राणीला आपल्या मुलाला गादी हवी होती. महानाग तरच्छ नावाचा तलाव बांधून घेत होता तिथे तिने आंब्यांची टोपली पाठवली, वरचाच आंबा विषाचा. तिचा स्वतःचा पोरगा काकाबरोबर तिथेच गेलेला, टोपली उघडल्यावर त्याने वरचाच आंबा उचलून खाल्ला आणि तिथेच मेला. महानाग जिवाच्या भीतीने बायकोला घेऊन दक्षिणेला रोहणात पळाला, आणि पुढे एळाराला हरवणारा दुट्ठगामणी याच शाखेत जन्मला. गोष्ट रचलेली असू शकते, पण मुलगाच वारस असता तर भावाला विष घालायची गरजच नव्हती, म्हणजे रचणाऱ्यालाही रीत माहीत होती.

दुट्ठगामणीनंतर (साधारण इ.स.पू. १६१ ते १३७) भाऊ सद्धातिस्स आला. मुलगा सालीला बाजूला ठेवलं कारण त्याने चांडाळ मुलीशी, अशोकमालेशी, लग्न केलं असं बखर सांगते, जणू एरवी गादी त्याचीच होती. महावंसकाराच्या काळी जुनी रीत थोडी धूसर झाली असावी का, अशी शंका इथे येते. सद्धातिस्स गेल्यावर मंत्र्यांनी भिक्खूसंघाच्या संमतीने धाकट्या थूलत्थनाला बसवलं, थोरल्या लंजतिस्साने महिन्या-सव्वा महिन्यात येऊन त्याला संपवलं आणि यांनी वयाचा मान ठेवला नाही म्हणून पुढे तीन वर्षं संघाकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याच्या मागून भाऊ खल्लाटनाग, मग धाकटा वट्टगामणी. वट्टगामणीने खल्लाटनागाची विधवा अनुला हिला राणी केलं, पुतण्या महाचूळीला मुलगा मानलं, आणि त्याच्यानंतर आधी हा पुतण्या गादीवर आला, स्वतःचा मुलगा चोरनाग त्याच्या नंतर. थोरल्या भावाचा मुलगा आधी, हे यापेक्षा स्वच्छ क्वचित दिसतं. हजारेक वर्षांनी तोच नमुना परत: दुसरा सेन (८५३ ते ८८७), मग त्याचे भाऊ दुसरा उदय आणि चौथा कस्सप, आणि मग सेनाचा मुलगा पाचवा कस्सप.

रांगेत कोण कुठे उभा ते पदव्यांवरून कळायचं. राजपुत्र आदिपाद (सिंहलीत आपा), त्यावर महादिपाद (मापा किंवा महया), आणि ठरलेला वारस उपराजा किंवा युवराज. युवराजाकडे बहुधा दक्षिणदेश हा प्रांत असायचा. दहाव्या शतकातल्या शिलालेखांची सुरुवात ठरलेली, 'कॅत् कुल कोत् ओकावस् परपुरेन् बट', म्हणजे क्षत्रिय कुळाचा कळस असलेल्या इक्ष्वाकूच्या परंपरेतला, मग समान कुळातल्या राणीच्या पोटी जन्मून, आपा-महयापद भोगून, अभिषेक झालेला. अख्खा बायोडाटाच. गंमत अशी की राज्यनावं दोनच, सिरिसंगबो आणि सलमेवन, आळीपाळीने घ्यायची, त्यामुळे लेखात नुसतं सलमेवन असलं की नेमका कुठला राजा हे ठरवता ठरवता अभ्यासकांची दमछाक होते.

आईचा दर्जा महत्त्वाचा. अभिषिक्त राणी म्हणजे महेसी, तिच्या मुलाचा हक्क मोठा. पाचव्या शतकात धातुसेनाचा मुलगा कस्सप (सिगिरियाच्या खडकावरच्या किल्ल्यावाला) कमी दर्जाच्या राणीचा, मोग्गल्लान महेसीचा, त्यामुळे कस्सपाने बापाला मारून घेतलेली गादी शेवटपर्यंत उसनीच मानली गेली. उलट पाचवा कस्सप आपण दोनदा अभिषेक झालेल्या राणीच्या पोटचे असं मिरवायचा. बहिणीच्या मुलांना जागोजागी मिळणारं वजन पाहून इथे मुळात मातृवंश होता असं काहींनी सुचवलंय, पण आते-मामे भावंडांत लग्नं होत असताना भाचा म्हणजेच जावई, एवढ्यावरून मातृवंश सिद्ध होत नाही.

अभिषेकाशिवाय राजा पूर्ण राजा नव्हे. देवानंपिय तिस्साला अशोकाने छत्र, तलवार, पंखा, पादुका असं साहित्य पाठवून दुसऱ्यांदा अभिषेक करायला लावला. विधीचं वर्णन महावंसावरच्या टीकेत, म्हणजे जुन्या भाष्यात, आहे: क्षत्रिय कन्या, ब्राह्मण पुरोहित आणि गृहपती असे तिघे शंखातून पाणी ओततात, क्षत्रिय कन्येचा शंख उजव्या वळणाचा, आणि तिघेही बजावतात की धर्माने राज्य केलंस तर ठीक, नाहीतर डोक्याची सात शकलं होतील. चौथ्या शतकात कलिंगातून आलेला दंतधातू, म्हणजे बुद्धाचा दात, पुढे राजेपणाची खूणच बनला. दहाव्या शतकातला चौथा महिंद तर बोधिसत्त्व असल्याशिवाय लंकेचा राजा होताच येत नाही असं लेखात कोरून ठेवतो.

रांगेबाहेरचेही आले. पहिल्या शतकात यसलालक तिस्साला एक खोड होती, त्याच्यासारखाच दिसणारा सुभ नावाचा द्वारपाल होता, त्याला राजाचे कपडे घालून सिंहासनावर बसवायचं आणि आपण काठी घेऊन दारात उभं राहून मंत्री त्याला नमस्कार करताना हसायचं. एक दिवस सिंहासनावरचा सुभ म्हणाला, हा पहारेकरी माझ्यासमोर हसतो म्हणजे काय. आणि खऱ्या राजालाच मारून टाकलं गेलं. सुभ सहा वर्षं टिकला, मग वसभाने त्याला हटवून लंबकण्ण घराणं आणलं.

१११० मध्ये पहिला विजयबाहू गेला तेव्हा काय झालं ते चूळवंस तपशिलाने सांगतो. राजाची बहीण मित्ता (पांड्य राजपुत्राला दिलेली), तिचे तीन मुलगे, मंत्री आणि भिक्खू यांनी मिळून राजाचा भाऊ जयबाहू याला अभिषेक केला. हे रीतीप्रमाणेच. पण उपराजपद मित्ताच्या मुलाला, मानाभरणाला, दिलं, राजाचा मुलगा विक्रमबाहू रोहणात होता त्याला निरोपही नाही, आणि चूळवंस स्पष्ट म्हणतो की हे जुन्या रीतीला सोडून झालं. विक्रमबाहूने वर्षभरात पोलोन्नरुवा घेतलं, पण विहारांची संपत्ती ओढल्यामुळे भिक्खू दंतधातू आणि बुद्धाचं भिक्षापात्र घेऊन रोहणात निघून गेले, मग अभिषेक कुठला. सत्ता विक्रमबाहूची आणि काही लेखांत वर्ष मोजलेलं जयबाहूचं, असा प्रकार. भांडण मिटलं ते ११५३ मध्ये, मानाभरणाचा मुलगा पराक्रमबाहू गादीवर बसला तेव्हा.

त्याला मुलगा नव्हता. पुढे कलिंगाकडचे नातेवाईक आले, त्यातल्या निस्संकमल्लाने (११८७ ते ११९६) गोवी म्हणजे शेतकरी जातीच्या माणसाने राजेपणाची हाव धरू नये, कावळ्याने हंसाशी बरोबरी करू नये, असं दगडावर लिहून ठेवलं, यावरून कोणीतरी तशी हाव धरत होतं हे उघड आहे. त्याच्यामागे मुलगा वीरबाहू एक दिवस, भाऊ विक्रमबाहू (वरचा नव्हे) तीन महिने, भाचा चोडगंग नऊ महिने. मग सेनापतीच राजे नेमू लागले. पराक्रमबाहूची विधवा लीलावती तीनदा गादीवर बसवली गेली, निस्संकमल्लाची विधवा कल्याणवती सहा वर्षं (१२०२ ते १२०८). या दोघींच्या मधल्या सहस्समल्लाचा अभिषेक मात्र लेखातल्या बुद्धवर्ष, महिने आणि दिवसांच्या आकड्यांवरून २३ ऑगस्ट १२०० असा नेमका बसवता येतो, आणि मागच्या राजांच्या तारखा बहुतेकदा इथूनच उलट्या मोजत नेतात. १२१५ मध्ये कलिंगाचा माघ सैन्य घेऊन उतरला आणि पोलोन्नरुवाची गादीच गेली.