प्रोजेक्टरचे ल्युमेन आणि जळगावची दुपार

'प्रोजेक्टरच्या खोक्यावर 9000 ल्युमेन लिहिले असले की भर दुपारीही टीव्हीसारखं चित्र दिसतं,' असं बरीच वर्षं फिरतंय. ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप. पटण्यासारखं आहे, कारण उजेड जास्त तर चित्र ठसठशीत, हे खरंच.

अडचण काळ्या रंगाची. प्रोजेक्टर उजेड टाकतो, काळोख टाकू शकत नाही. त्यामुळे चित्रातला काळा भाग भिंतीपेक्षा काळा कधीच होत नाही. आपल्या खानदेशात, मे महिन्याच्या उन्हात, खिडक्या लावल्या तरी फटींतून केवढा उजेड येतो! विकत घेण्याआधी दुपारी दोनला तुमच्या बैठकीतली पांढरी भिंत नुसती बघा. ती जशी दिसते, तोच तुमचा काळा.

आता आकडा. नुसते 'ल्युमेन' बऱ्याचदा आतल्या दिव्याचे असतात, भिंतीवर पोचणाऱ्या उजेडाचे नव्हे. दुकानात 'एएनएसआय ल्युमेन', म्हणजे अमेरिकी मानक संस्थेच्या पद्धतीने मोजलेले ल्युमेन, विचारा. ते पांढऱ्या चित्रावर 9 ठिकाणी मोजून काढतात. 100 इंची चित्र सुमारे 2.75 चौरस मीटर जागा व्यापतं. त्यावर खरे 500 ल्युमेन पसरले की जेमतेम 180 लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला 180 ल्युमेन. रात्री दिवे मालवले तर एवढ्यात सिनेमा छान दिसतो. दुपारीच बघायचं असेल, तर मी आधी जाड पडदे शिवून घेईन.