अहिराणी म्हणजे 'बिघडलेली मराठी' नव्हे

'नीट बोल, अशुद्ध बोलू नको.' धुळे-जळगावकडच्या कित्येक मुलांनी हे ऐकलेलं असतं. अहिराणी म्हणजे अडाण्यांची मोडकीतोडकी मराठी, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तो चूक आहे.

बिघडलेल्या बोलण्याला नियम नसतात, अहिराणीला आहेत. मराठी 'चा-ची-चं' लावते तिथे ही 'ना-नी-नं' लावते: गावना, रामनी. 'ळ'चा 'य' होतो, म्हणून डोळ्याचा डोया. ब्रिटिश काळात भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात खान्देशीला (अहिराणी हाच तिचा मुख्य भाग) जागा मिळाली ती मराठीच्या नव्हे, भिल्ली भाषांच्या खंडात. 2011च्या जनगणनेतही ती स्वतंत्र आहे. बोलणारे सुमारे 18.6 लाख. बोली की भाषा, हा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा. 'अशुद्ध' त्यात कुठेच बसत नाही.

घोळ आहे तो ऐकणाऱ्याच्या कानात. कचेरीत प्रमाण मराठी बोलणारा माणूस ओट्यावर बसला की अहिराणीत येतो, कारण तिथलं नातं वेगळं असतं. श्रावणातली कानबाई देवीची गाणी पुस्तकी मराठीत म्हणून बघा: अर्थ कळेल, पण बायका ठेका धरणार नाहीत.

आणि हो, सगळा खान्देश अहिराणी बोलतो असंही नाही. यावल-रावेरकडे लेवा गणबोली ही वेगळी बोली आहे.