कुलूप शाबूत, दारं शाबूत

भूर्जपत्र म्हटलं की आपल्याला जुन्या पोथ्या आठवतात, पण रशियातल्या नोव्हगोरोद शहरात मध्ययुगात लोक तसल्याच सालीवर रोजच्या चिठ्ठ्या लिहायचे, शाई वगैरे काही नाही, टोकदार लेखणीने सरळ कोरायचं. त्या झाडाला रशियनमध्ये बेर्योझा म्हणतात आणि तो शब्द आपल्या 'भूर्ज'चा सख्खा भाऊच आहे. पहिली चिठ्ठी २६ जुलै १९५१ ला उत्खननात सापडली, आता एकट्या नोव्हगोरोदमध्ये ११०० च्या वर झाल्यात, कारण तिथल्या ओल्या मातीत हवाच शिरत नाही त्यामुळे साल कुजली नाही. उधारी, भांडणं, घरचे निरोप, सगळं आहे. ओन्फिम नावाच्या चिमुरड्याने १३व्या शतकात गिरवलेली 'बा, वा, गा' अशी चक्क बाराखडी आहे, आणि त्याने काढलेलं घोडेस्वाराचं चित्रही!

पण मला सगळ्यात आवडते ती २४७ नंबरची, ११व्या शतकातली. कुणीतरी घरफोडीचा आरोप केलाय आणि लिहिणारा सांगतोय की कुलूप शाबूत आहे, दारं शाबूत आहेत, मालकाचीही तक्रार नाही. 'शाबूत'ला तिथे शब्द आहे 'केले'. आधी अभ्यासकांना वाटलं हा मठातल्या खोलीचा शब्द (रशियनमध्ये 'केल्या') असणार, कारण शाबूत म्हणजे रशियनमध्ये 'त्सेली', चेकमध्येही तसंच, सुरुवातीला आपल्या 'चाक'मधला च.

झालं असं की जुन्या स्लाव्ह बोलींमध्ये, म्हणजे रशियन, चेक, युक्रेनियन ज्यांतून आल्या त्या बोलींमध्ये, ठरावीक स्वरांच्या आधी क चा हा च झाला, आणि हा बदल झाडून सगळ्या स्लाव्ह भाषांत झाला असंच धरलेलं होतं. रशियन भाषाशास्त्रज्ञ आंद्रेय झालिझ्न्याक यांनी १९८० च्या दशकात एकेक चिठ्ठी तपासून दाखवलं की नोव्हगोरोद-प्स्कोव्ह भागात तो झालाच नव्हता. ज्याला लोक अडाण्यांच्या चुका म्हणत होते ती नियमात बसणारी वेगळी बोली निघाली, शुद्धलेखनाची पद्धतसुद्धा ठरलेली! गावाकडच्या बोलीला पटकन अशुद्ध म्हणणारे आपल्याकडेही आहेत, म्हणून हे वाचताना मला फार भरून आलं.

म्हणजे एकच जुनी रशियन होती आणि ती नंतर फुटत गेली, हे चित्र अपुरं आहे. झालिझ्न्याक यांच्या मते आजची रशियन दोन बोलींच्या मिसळण्यातून घडली, त्यातली एक ही नोव्हगोरोदकडची. हात म्हणजे 'रुका', 'हातात' म्हणताना युक्रेनियन माणूस आजही 'रुत्सी' म्हणतो, जुन्या ग्रंथांतही 'रुत्से' आहे, पण मॉस्कोतला माणूस म्हणतो 'रुके', नोव्हगोरोदच्या 'केले'सारखा क तसाच.