शब्दसंगतीतून इंग्रजी शब्दसंग्रहाचे अध्यापन

शब्दसंगतीतून अध्यापन म्हणजे सुटा शब्द आणि त्याचा अर्थ एवढेच न शिकवता, तो शब्द भाषेत ज्या शब्दांच्या सोबतीने रूढ झाला आहे त्यांच्यासकट शिकवण्याची पद्धत. इंग्रजीत अशा रूढ जोडीला ‘कोलोकेशन’ म्हणतात. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो आणि वारा ‘स्ट्राँग’; ही विशेषणे उलटसुलट वापरली तरी व्याकरण बिघडत नाही, मात्र जाणत्या कानाला ती खटकतात. ही निवड बहुतांशी रूढीने ठरत असल्यामुळे ती व्याकरणाच्या नियमांवरून काढता येत नाही.

या विषयाचे सुरुवातीचे महत्त्वाचे काम जपानमध्ये झाले. इंग्रज भाषाशिक्षणतज्ज्ञ हॅरल्ड पामर यांनी टोकियोतील इंग्रजी अध्यापन संशोधन संस्थेत ए. एस. हॉर्नबी यांच्या साहाय्याने अशा जोड्यांचे संकलन केले आणि त्याचा अहवाल १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी शब्दाच्या सोबतीला अर्थविचारात स्थान दिले, तर बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांनी १९८० च्या दशकात संगणकावरील प्रचंड लेखनसंग्रहातून या जोड्या किती वारंवार येतात, हे तपासण्याची वाट खुली केली.

परीक्षांमध्ये या ज्ञानाची कसोटी उघडपणे लागते. केंब्रिजच्या ‘बी-टू फर्स्ट’ या इंग्रजीच्या परीक्षेतील ‘रीडिंग अँड यूज ऑफ इंग्लिश’ या प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या भागात उताऱ्यातील आठ रिकाम्या जागांसाठी प्रत्येकी चार पर्याय असतात. ते अनेकदा अर्थाने इतके जवळचे असतात की नुसता शब्दार्थ पाठ असून भागत नाही. परदेशी शिक्षणासाठी किंवा स्थलांतरासाठी दिल्या जाणाऱ्या ‘आयेल्ट्स’ या इंग्रजीच्या परीक्षेतील लेखन आणि संभाषण या दोन्ही चाचण्यांत शब्दसंपत्तीला एक चतुर्थांश वजन असते आणि वरच्या श्रेणींच्या वर्णनात शब्दसंगतीचा स्पष्ट उल्लेख येतो.

मराठीभाषक परीक्षार्थींची अडचण विशेषतः क्रियापदांत दिसते. मराठीत फोटो, चित्र, कर्ज आणि बँकेतले पैसे, सगळे ‘काढले’ जाते. इंग्रजीत मात्र फोटोला ‘टेक’, चित्राला ‘ड्रॉ’, कर्जाला ‘टेक आउट’ आणि पैशांना ‘विथड्रॉ’ लागते. चूक ‘करणे’ यावरून ‘डू अ मिस्टेक’ लिहिले जाते, तेही याच सवयीने. तिथे रूढ क्रियापद ‘मेक’ आहे. परीक्षा ‘देणे’ याचे ‘गिव्ह’ भारतीय इंग्रजीत सर्रास चालते, ब्रिटिश वळणात मात्र ‘टेक’ किंवा ‘सिट’ अपेक्षित असते. म्हणून वर्गात दोन्ही भाषांतील जोड्या शेजारी मांडणे हा वेळेचा अपव्यय नव्हे, जरी केवळ इंग्रजीतूनच शिकवण्याचा आग्रह धरणाऱ्यांना तो तसा वाटतो.

प्रत्यक्ष अध्यापनात नामापासून सुरुवात करणे सोयीचे ठरते, कारण लिहिणाऱ्याच्या मनात आधी नाम येते आणि त्याला साजेसे क्रियापद किंवा विशेषण तो नंतर शोधतो. ‘डिसिजन’ या नोंदीखाली ‘मेक’, ‘रीच’, ‘टफ’ असे सोबती लिहून, काही दिवसांनी तेच शब्द झाकून आठवायला लावणे आणि वाचलेल्या उताऱ्यांतून नव्या जोड्या टिपायला सांगणे, एवढ्यावर बरेच काम होते. ‘बिग हाउस’सारख्या, अर्थावरूनच सहज जुळणाऱ्या जोड्यांवर वेळ घालवू नये. याउलट, काही शिकवण्यांमध्ये वजनदार वाक्खंडांच्या याद्या पाठ करून घेतल्या जातात; ते विषयाशी न जुळता निबंधात आले की परीक्षकाला लगेच ओळखू येतात आणि गुण वाढण्याऐवजी घटतात.