हिरवा त्रिकोण कशाची हमी देतो?

कलमांना मोहोर आला की रत्नागिरी-देवगडच्या बागांत पंपांची घरघर सुरू होते. तुडतुड्यांसाठी एक औषध, करप्यासाठी, म्हणजे बुरशीच्या रोगासाठी, दुसरं. करप्यावरचं मॅन्कोझेब जुनं आणि स्वस्त: पिवळसर पूड, पुडक्यावर हिरवा त्रिकोण. हिरवा म्हणजे निर्धोक, असं सर्रास धरलं जातं. मग हातमोजे कोण घालतंय!

हा त्रिकोण १९७१च्या कीटकनाशक नियमांतला. औषधाच्या किती मात्रेने प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात, त्यावरून लाल, पिवळा, निळा की हिरवा हे ठरतं. तोंडावाटे दिलेली ही मात्रा किलो वजनामागे ५,००० मिलिग्रॅमच्या वर गेली, तर हिरवा. म्हणजे रंग सांगतो तो जीव जाण्याचा धोका. संप्रेरकांचा हिशेब त्यात नाहीच.

आणि मॅन्कोझेबची गोम नेमकी तिथे आहे. त्याचं विघटन होताना इथिलिनथायोयुरिया तयार होतं. आयोडीन वापरून थायरॉईडचं संप्रेरक घडवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ते अडवतं. घरात रोज मासळी असली, आयोडीनची ददात नसली, तरी ते कामी लावणारा कारागीरच बसवून ठेवल्यासारखं. उंदरांवरच्या प्रयोगांत हा परिणाम दिसला आहे. गरोदरपणात तो अधिक काळजीचा, कारण पहिले काही महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच संप्रेरकावर चालते.

युरोपीय संघाच्या २००९च्या कायद्यानुसार संप्रेरकांत ढवळाढवळ करणाऱ्या औषधाला, माणसाचा त्याच्याशी संपर्क नगण्य असल्याखेरीज, मंजुरी मिळत नाही. ते ओळखण्याचे निकष २०१८मध्ये ठरले आणि २०२०च्या अखेरीस मॅन्कोझेबची मंजुरी संपवण्याचा निर्णय झाला. कारणांत संप्रेरकांचाही मुद्दा होता. आपल्याकडे २०२०मध्ये बंदीच्या मसुद्यात २७ औषधं होती, त्यांत हेही होतं. २०२३मध्ये डायकोफॉल, डिनोकॅप, मेथोमिल गेली, मॅन्कोझेब राहिलं.

युरोपचा नियम जसाच्या तसा उचलावा, असं मी म्हणणार नाही. ढगाळ हवेत करपा मोहोर काळा करून टाकतो, तेव्हा बागायतदाराला उपदेश नको, पर्याय हवा. सुक्या काटक्या काढणं, दाट फांद्या विरळ करून आत ऊन-वारा खेळता ठेवणं, याने करपा कमी होतो. पण त्यालाही मजुरी लागतेच. नोंदणीच्या वेळी कंपनीकडे संप्रेरकांच्या चाचण्या स्वतंत्रपणे मागायला मात्र बागायतदाराचा एक पैसा लागत नाही. आणि गरोदर बाईने फवारणीपासून, औषध कालवण्यापासून लांब राहावं, हे त्रिकोणाशेजारी मोठ्या मराठी अक्षरांत छापायलाही नाही.