राउटरशेजारी निवडुंग ठेवण्याची गरज नाही

हिंजवडी-खराडीची रोजची ये-जा थांबवून घरून काम सुरू करणाऱ्या पुण्यातील अनेकांना एक जुना संदेश हमखास येतो : 'वायफायच्या लहरी शरीर पोखरतात, राउटरजवळ निवडुंगाची कुंडी ठेवा, ती किरणे शोषून घेते.' घरच्यांच्या काळजीपोटीच तो पुढे पाठवला जातो, म्हणून त्याची नीट शहानिशा व्हायला हवी.

क्ष-किरणांमध्ये पेशींतील रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. राउटर मात्र 2.4 किंवा 5 गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरी वापरतो आणि त्यांची वारंवारता साध्या दृश्य प्रकाशाच्याही हजारो पटींनी कमी असल्यामुळे त्यांना हे बंध तोडता येत नाहीत. शिवाय राउटरची प्रक्षेपणशक्ती साधारणतः 0.1 वॅटच्या आसपास असते आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की लहरींची तीव्रता एक चतुर्थांश होते.

कुंडीची परीक्षा घरीच घेता येते. वायफाय मोजणाऱ्या मोबाइल ॲपमध्ये सिग्नल डीबीएम या एककात, उदाहरणार्थ उणे 45 असा, दिसतो. मोबाइल एकाच जागी ठेवून, राउटरशेजारी कुंडी असताना आणि नसताना तो आकडा पाहावा; तो एरवीही थोडाफार वरखाली होतच असल्याने दोन्ही वेळा मिनिटभर पाहिलेले बरे. शेजारची कुंडी लहरी खरोखरच ओढून घेत असती, तर आकडा स्पष्टपणे घसरला असता आणि मीटिंगमधला आवाजही तुटू लागला असता.

खरे नुकसान होते ते या भीतीने राउटर लोखंडी कपाटात किंवा जुन्या वाड्यातील जाड भिंतीपलीकडे ठेवल्याने; तो कामाच्या खोलीतच, उंचावर आणि उघडा ठेवावा.